कोंबड्याचा झेंडा

"खाली करायचा म्हणजे?" आबांनी विचारलं.

टेबलाशी वाकून उभा असलेला पेडणेकर नावाचा पन्नाशीचा वाढपी दुसऱ्यांदा समजावून सांगू लागला. "साहेब, हा झेंडा उभा आहे तोवर आम्ही भाजलेलं आणत राहणार. कोंबडी, मटण, मासे, जे निखाऱ्यावरून उतरेल ते. तुमचं पोट भरलं की झेंडा असा आडवा करायचा. मग आम्ही यायचं थांबतो."

त्यानं टेबलावरचा वीतभर झेंडा बोटानं आडवा करून दाखवला. पिवळ्या कापडावर लाल कोंबडा छापलेला होता. आबांनी लगेच हात पुढं करून तो उभा केला.

"सत्तावीस वर्षं फौजेत होतो मी. झेंडा असा बोटानं पाडत नसतात."

"साहेब, कोंबड्याचा आहे हो."

"असू दे. उभा केलाय ना?"

समोर मुलाला, इंद्रजितला, शेजारी घेऊन माने वस्ताद बसले होते. त्यांना एका टेबलाची जागा पुरेना म्हणून हॉटेलवाल्यांनी दोन टेबलं जोडली होती. त्यामुळं मधे शेगड्या दोन आणि झेंडेही दोन. वस्तादांनी आपल्या बाजूचा झेंडा खोबणीत दाबून घट्ट केला.

"बराबर बोलला सुभेदार," ते म्हणाले. "आमच्यातबी पाठ टेकल्याबिगार कुस्ती सुटत न्हाई."

मी इंद्रजितकडं पाहिलं. तो पाण्याचा ग्लास तोंडाला लावून बसला होता आणि ग्लासात पाणी नव्हतं. हे हॉटेल आम्हीच निवडलं होतं, त्यामुळं दोघांनाही बोलायची सोय नव्हती.

या गोष्टीला पंधरा वर्षं झाली. मी तेव्हाची प्रणिता जगदाळे, सातारची, सुभेदार हिंदुराव जगदाळ्यांची, म्हणजे आबांची, एकुलती एक मुलगी. काही बायका 'मला बाई जेवणच जात नाही' असं कौतुकानं सांगतात, तशी मी नाही. मला जातं. चांगलं जातं. पुण्यात यंत्रांचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत मी तपासणीचं काम करायचे आणि इंद्रजित माने तिथंच दुरुस्तीला होता. दोघांना सारखं फिरावं लागायचं. दिवसभर कारखान्यात तेलकट हात करायचे आणि संध्याकाळी त्या गावात निखाऱ्यावर कुठं काय चांगलं भाजतात ते शोधत निघायचं, हे आमचं ठरलेलं.

काय काय खाल्लं म्हणून सांगू! हैदराबादला तापलेल्या दगडावर भाजलेलं मटण. गोव्यात हिरव्या वाटणातली काफ्रियाल कोंबडी, बोटं दोन दिवस वास सोडायची नाहीत. बंगळूरच्या एका स्टेकहाऊसमधे लोखंडी तव्यावर चरचरत मटणाच्या चापा यायच्या आणि सोबत उकडलेलं गाजर-फरसबी. ते आम्ही दोघंही मुकाट्यानं बाजूला काढून ठेवायचो. हुबळीत एकदा शेवटची शीग राहिली होती. इंद्रजितनं ती माझ्या ताटात सरकवली आणि म्हणाला, "तुमच्याकडं बघून जेवायला हुरूप येतो." लोक मुलींच्या डोळ्यांवर काय काय बोलतात. मला हे पुरलं.

पण आबांना 'आमचं जमलंय' असं सांगायची माझ्यात हिंमत नव्हती, आणि वस्तादांना सांगायची इंद्रजितमधे. मग आम्ही एक उद्योग केला. माझ्या मैत्रिणीच्या काकांना मधे घातलं आणि त्यांच्या तोंडून दोन्ही घरी 'एक चांगलं स्थळ आहे' असं पोचवलं. आम्ही दोघं एकमेकांना ओळखतच नाही, असं ठरलं.

ठरवणं सोपं होतं. पुढचं नव्हतं. आबा म्हणाले, रीतीप्रमाणे आधी मुलाकडच्यांनी यावं. वस्ताद म्हणाले, मुलीच्या बापानं आधी घर बघून जावं ही आमच्याकडची रीत. महिनाभर कुणी हलेना. शेवटी मधल्या गावात, कराडला, हायवेवर भेटायचं ठरलं. त्यावर वस्तादांचा निरोप आला की कोल्हापूरपासनं कराड वीस किलोमीटर जास्ती पडतंय. वाराचीही तीच तऱ्हा. आबांचे सोमवार, गुरुवार आणि देवीचा शुक्रवार. वस्तादांचे मंगळवार, शनिवार आणि जोतिबाचा रविवार. सगळं वजा जाता बुधवार उरला. मी आणि इंद्रजितनं वेगवेगळी कारणं देऊन एकाच दिवसाची रजा काढली आणि 'अंगार ग्रिल' नावाचं नवं हॉटेल सुचवलं. भाजलेलं खाताना माणसं सैल होतात, हा आमचा दोन वर्षांचा अनुभव होता.

निघताना आबा गाडीत म्हणाले, "प्रणू, तिथं मी काही बोलणार नाही. फक्त बघणार. ताटावरून उठताना हो की नाही ते सांगीन. नाही म्हणालो तर परत हा विषय काढायचा नाही."

याआधी दोन स्थळं त्यांनी अशीच जेवणाच्या ताटावर मोडली होती. फलटणच्या डॉक्टरला का नको म्हणालात, असं विचारलं तर म्हणाले, "मटणाची नळी न फोडता उठला." बारामतीचा इंजिनिअर रस्सा चमच्यानं प्यायला, म्हणून गेला. तेव्हा मला हायसं वाटलं होतं, पण आता पाळी इंद्रजितची होती. आबांना सोडून पळून जाऊन लग्न करीन, असली मी नव्हते. आणि इंद्रजितशिवाय दुसऱ्या कुणाशी करीन, असलीही नव्हते. त्या ताटावरून आबा काय बोलत उठतात, यावर माझं सगळं अवलंबून होतं.

तर अशी आम्ही चौघं त्या दोन झेंड्यांमधे बसलो. सुरुवातीलाच दोन्ही बापांत जुंपली.

"पाहुणे तुम्ही. पाहुणचार माझा," आबा म्हणाले.

"काय सांगताय! कराडच्या अलीकडं तुमी, पलीकडं आमी. हॉटेल कुणाच्या अंगाला हाय बगा. आमच्या! तवा पाहुणं तुमी."

"हॉटेल हायवेच्या डाव्या हाताला आहे. डावा हात सातारकडून धरायचा."

"कोल्हापूरकडनं धरला तर?"

आता यात गोम अशी की आमच्याकडं यजमानानं पाहुण्याआधी हात आवरायचा नसतो. आणि इथं दोघंही यजमान झाले होते. इंद्रजितनं कपाळावर हात मारायला घेतला आणि लोक बघताहेत म्हणून केसांवरून फिरवला.

पहिली फेरी तंगड्यांची आली. वर काळसर, आत रसरशीत, तिखट असं की नाकातून पाणी यावं. मग शिगेवरचे कबाब. मग सुरमईचे तुकडे, कोळंबी, परत तंगडी. खोटं कशाला बोलू, पहिला अर्धा तास मी लग्नबिग्न विसरून गेले होते. वस्ताद हाडाचा नुसता पांढरा सांगाडा करून ताटाच्या कडेला रचत होते. आबा एकेक घास बत्तीस वेळा चावत होते. दोघं एकमेकांच्या ताटाकडं बघत, मान डोलवत, पुढचं घेत.

"काय करता तुम्ही?" इंद्रजितनं मला विचारलं. ठरल्याप्रमाणे.

"नोकरी," मी म्हणाले. "आणि आपण?"

"मीपण."

"वा," मी म्हणाले. आणि टेबलाखालून त्याच्या पायाला पाय लावला. वस्तादांनी दचकून पाय मागं घेतला आणि टेबलाखाली मांजर आहे का, म्हणून वाकून बघितलं. त्यानंतर मी पाय खुर्चीखाली दुमडून बसले.

मटणाच्या चापा आल्या तेव्हा मात्र इंद्रजितनं घोळ घातला. एका चापेची कड करपून कोळसा झाली होती. त्यानं ती सवयीनं उचलली आणि सरळ माझ्या ताटात ठेवली, कारण करपलेली कड मला जीव की प्राण. मीही सवयीनं उचलली आणि तोंडात घातली. मग आम्हा दोघांच्या लक्षात आलं.

आबांचा हात थांबला. "हिला करपलेलं आवडतं, हे तुम्हाला कसं ठाऊक?"

इंद्रजितचा चेहरा बघण्यासारखा झाला. "ते... चेहऱ्यावरून वाटलं."

"करपलेली दिसते का माझी पोरगी?"

"न्हाई न्हाई," वस्ताद मधे पडले. "आमचं पोरगं खुळं हाय जरा. पण मन मोठं हाय. स्वतःच्या ताटातलं दिलं बगा."

आबा 'हं' म्हणाले आणि परत चावायला लागले. हा 'हं' कुठल्या बाजूचा, ते मला कळेना.

एक वाजला, दीड वाजला. इंद्रजित केव्हाच गारद होऊन सोडा पीत बसला होता. वस्तादांनी फेटा काढून मांडीवर ठेवला. आबांनी शर्टाखाली हात घालून पट्टा एक भोक सैल केला, थोड्या वेळानं आणखी एक. तरी पेडणेकर शिगा घेऊन आला की दोघं एकमेकांकडं बघायचे आणि ताट पुढं करायचे.

"घ्या की वस्ताद."

"आदी तुमी घ्या."

"घेतो. तुम्हीपण घ्या."

मीही एकेक तुकडा तोडत होते. थोरली माणसं जेवत असताना पोरीनं हात आवरायचा नाही, ताट सोडून उठायचं तर नाहीच, असं आईनं घरातून निघताना दहा वेळा बजावलं होतं. मला दरदरून घाम फुटला होता. दोन वर्षांत पहिल्यांदाच भाजलेलं मटण समोर बघून मला रडू येत होतं.

मधे आबा 'जरा जाऊन येतो' म्हणून गेले आणि परत आले. मग वस्तादांना फोन आला, तो बोलायला ते बाहेर गेले आणि परत आले. परत आल्यावर दोघं जरा खुशीत दिसले. पाचेक मिनिटांनी पेडणेकर कबाबाच्या सहा नव्या शिगा घेऊन आला, तेव्हा दोघांचेही चेहरे पडले.

इंद्रजितनं टेबलाखालून फोनवर मला मेसेज टाकला : 'काहीतरी कर. अण्णांचा रंग बदलतोय.' वडिलांना तो अण्णा म्हणायचा.

माझ्या मनात एकच विचार. यांतला एक जण आधी थांबणार, त्याचा मान जाणार, आणि मान गेला की स्थळ गेलं. आबा थांबले तर ते रागानं नाही म्हणणार. वस्ताद थांबले तर ते कोल्हापूरला जाऊन परत तोंड दाखवणार नाहीत. मी उठले.

"कुठं गं?" आबांनी विचारलं.

"लिंबू मागून आणते," मी म्हणाले.

"आजून लिंबू?" वस्ताद क्षीण आवाजात म्हणाले.

भटारखान्याच्या दाराशी पेडणेकर उभे होते. मी त्यांना बाजूला घेतलं. "काका, पाया पडते. टेबलावर येऊन सांगा की आतलं सगळं संपलं. म्हणजे दोघंही सुटतील आणि कुणाचा मान जाणार नाही."

पेडणेकरांनी खांद्यावरचा नॅपकिन तोंडावर धरला आणि ते हसायला लागले. चांगलं खांदे हलेपर्यंत हसले.

"ताई, हे सांगणारे तुम्ही तिसऱ्या."

"म्हणजे?"

"आधी तुमचे वडील आले. म्हणाले, माल संपला म्हणून सांगा, आणि मी सांगितलं हे त्या पैलवानाला कळता कामा नये. ते गेले तेवढ्यात पैलवान आले. त्यांचं पण तेच. म्हणाले, सुभेदारांना कळलं तर तुझी पाठ टेकवीन."

मी भिंतीला टेकले. "मग तुम्ही सांगितलं का नाही?"

"सांगू कसा? आत मालक बसलाय." त्यांनी आवाज खाली आणला. "पंधरा वर्षं दुबईत काढून आलाय. हायवेवर केवढा बोर्ड लावलाय बघितला नाय? 'तुम्ही थकाल, आम्ही नाही!' तो म्हणतो, माझं हॉटेल उघडून तीन आठवडे झाले, आणि माझ्याकडचं संपलं असं मी म्हणू? आता त्यानं स्वतः हातानं बोकडाच्या पायाचा अख्खा फरा निखाऱ्यावर चढवलाय. तुमच्याच टेबलासाठी."

म्हणजे हट्टाला पेटलेले दोन होते ते आता तीन झाले. तिसऱ्याची तर मी सून होणार नव्हते, त्याला कसं समजवायचं! मला खरंच रडू फुटलं. पेडणेकरांनी नॅपकिन पुढं केला, मग तो आपणच तोंडाला लावला होता हे आठवून मागं घेतला आणि विचारलं, "पाणी देऊ का, ताई?"

पाणी म्हटलं आणि माझं डोकं चाललं.

आमच्या गावाकडं पंगतीत कुणी 'पुरे' म्हणून उठत नाही. घरातली बाई तांब्या आणि घमेलं घेऊन येते, हातावर पाणी घालते, की जेवण संपलं. पाणी पुढं आल्यावर जेवत राहणं म्हणजे आलेल्या बाईला ताटकळत ठेवणं. त्यात कुणी आधी थांबत नाही आणि कुणी मागं राहत नाही.

"कोमट पाणी द्या," मी म्हणाले. "दोन जग. आणि दोन मोठी वाडगी."

दाराआडून मी इंद्रजितला खूण केली. तो आल्यावर एक जग त्याच्या हातात दिला. "तू आबांच्या हातावर घालायचं. मी वस्तादांच्या. एकाच वेळी."

"मी? मुलाकडचा मी! मुलीच्या बापाच्या हातावर मी पाणी घालू? अण्णा काय म्हणतील?"

"माझ्याशी लग्न करायचंय की नाही?"

"करायचंय."

"मग घाल."

आम्ही दोघं दोन बाजूंनी टेबलाशी गेलो. माझं काहीच ठरलेलं नसताना मी सुनेचं काम करायला निघाले होते. आबांना ते आवडलं नाही तर ते इथंच नाही म्हणणार होते, आणि मग परत विषय काढायचा नाही.

मी वस्तादांपुढं वाडगं धरलं. "मामा, हात धुऊन घ्या."

'मामा' मी मुद्दाम म्हणाले. आमच्याकडं आईच्या वयाच्या कुठल्याही माणसाला मामा म्हणतात, आणि सासऱ्यालाही मामाच म्हणतात. आबांनी विचारलं असतं तर मी पहिला अर्थ सांगितला असता.

वस्ताद हातातल्या शिगेकडं आणि माझ्याकडं आळीपाळीनं बघत राहिले. त्यांनी शीग खाली ठेवली. पण हात पुढं केला नाही.

"तुझं झालं का पोरी?"

"हो मामा."

"पोटभर? लाजायचं न्हाई. त्वा लिंबू आणाय गेलीस तवा मला वाटलं आजून जेवणार. जेवायचं आसंल तर बस. तुझं हुईस्तवर मी हाय की बसल्याला."

"नाही मामा, झालं माझं. पोटभर झालं."

"मग घाल पाणी," असं म्हणून त्यांनी एवढा मोठा सुस्कारा सोडला की समोरचा कोंबडा फडफडला. "आगं, सून ताटावर बसलीया आन् आपून हात धुवायचा, ही आमच्यात रीत न्हाई. तवा चावत बसलो आपला."

सून! शब्द त्यांच्या तोंडून निसटला. त्यांनी जीभ चावली. मी जग तसाच धरून उभी. वस्ताद माझ्यासाठी थांबले होते. मी त्यांच्यासाठी चावत होते आणि ते माझ्यासाठी! मी ओठ घट्ट मिटून घेतले, कारण हसले असते तर संपलंच होतं.

आबा वस्तादांकडं एकटक बघत होते. फौजेत माणसं कशी घाबरत असतील ते मला तेव्हा कळलं.

"कुणाची रीत म्हणालात?" आबांनी विचारलं.

"माझ्या आईची." वस्ताद अवघडून बोलले. "घरातली बाई जेवून उठल्याबिगार गड्यानं ताट सोडायचं न्हाई, आसं तिनं घालून दिल्यालं हाय. तालमीतली पोरंबी पाळत्यात. राग आला आसंल तर माफी करा सुभेदार. शब्द सुटला तोंडातनं."

इंद्रजित आबांच्या शेजारी जग तिरका धरून उभा होता आणि पाणी त्यांच्या बुटावर ठिबकत होतं. आबांनी त्याच्याकडं मान वर करून पाहिलं. मग बाह्या सरसावल्या आणि दोन्ही हात वाडग्यावर धरले.

"घाला पाणी, जावईबापू," आबा म्हणाले. "वस्ताद, तारीख काढा."

मी वस्तादांच्या हातावर पाणी सोडलं आणि इंद्रजितनं सगळा जग एका दमात ओतला. आबांची पँट भिजली, वस्ताद हसायला लागले आणि हसता हसता पोट धरून कळवळले. तेवढ्यात भटारखान्याचं दार उघडलं आणि मालक स्वतः परातीत तो धुरकटलेला फरा घेऊन आले. दोघांचे हात धुतलेले बघून ते जागीच थांबले. पण मोठे दिलदार निघाले. "मग हरलं कोण?" एवढंच विचारून त्यांनी फऱ्याचे दोन वाटे केले आणि एक सातारला, एक कोल्हापूरला असा बांधून दिला.

परत येताना गाडी मी चालवत होते. आबा खुर्ची मागं टाकून पडले होते. पट्टा आता हातातच होता. उंब्रज मागं पडल्यावर मी म्हणाले, "आबा, पेडणेकरांनी मला सगळं सांगितलं. माल संपला म्हणून सांगा, म्हणालात ना?"

"चहाडखोर आहे तो."

"मग एवढा त्रास होत होता तर हट्ट कशाला करायचा? आडवा करायचा झेंडा. कोंबडाच होता की."

"झेंड्याचं काय घेऊन बसलीस?" आबा चिडून म्हणाले. "तू जेवत होतीस."

मला वाटलं ते चेष्टा करताहेत. मी वळून पाहिलं, तर ते खिडकीतून बाहेर उसाकडं बघत होते.

"तुझी आई लग्न होऊन आली तेव्हा आपल्या घरात सतरा माणसं," ते म्हणाले. "आधी गडी, मग पोरं, मग बाया. मी रजेवर यायचो तेव्हा माझं कौतुक असायचं. नळ्या माझ्या ताटात, कलेजी माझ्या ताटात. मी खायचो आणि उठायचो. तीन वर्षं. एकदा दुपारी पाणी प्यायला म्हणून स्वैपाकघरात गेलो. तुझी आई मटणाच्या रिकाम्या पातेल्यात भाकरी फिरवत होती. पातेलं पुसून खात होती गं. पोटात तू होतीस. मी तिला काही बोललो नाही. लाज वाटली. तेव्हाच ठरवलं, पोरगीला असल्या घरात द्यायचं नाही. पण असं तोंडावर विचारता येतं का कुणाला? सगळे म्हणतात आमच्याकडं सुनेला मुलीसारखं वागवतात. मग बघत बसायचं. तू खाताना कोण काय बोलतं, कोण कसा बघतो, कोण तुझ्याआधी उठतो. नळी आणि चमचा ही तुला सांगायची कारणं."

मला समोरचा रस्ता दिसेनासा झाला. गाडी बाजूला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडले. आबा माझ्या पाठीवर थोपटत राहिले. मागच्या सीटवरून फऱ्याचा वास येत होता.

"रडू नको. तो वाटा तुझ्या आईचा आहे," ते म्हणाले. "तिचं झाल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. आणि आता तरी खरं सांग, पोटभर जेवलीस ना? दोन तास जेवत होतीस. मला तर काळजी वाटायला लागली होती, पोरगीला पुण्यात खायला मिळतं की नाही."

मी डोळे पुसले. "आबा, माझं पोट पहिल्या तासातच भरलं होतं."

"मग?"

"तुम्ही दोघं जेवत होतात म्हणून मी जेवत होते. थोरली माणसं ताटावर असताना उठायचं नाही, असं आईनं बजावलं होतं."

आबांनी मान माझ्याकडं वळवली. मग त्यांच्या पोटातून कसला तरी आवाज आला. मला वाटलं उलटी होतेय, पण ते हसत होते. हसत होते आणि "अगं आई गं, हसवू नको, मरतो मी" म्हणत दाराला धरत होते. आमची गाडी तशीच दहा मिनिटं हायवेच्या कडेला उभी होती. हसू ओसरल्यावर त्यांनी मला बजावलं, "हे वस्तादांना कधी सांगू नको."

नाहीच सांगितलं. कोल्हापूरच्या घरात दर बुधवारी मटण असतं. सगळे एकत्र बसतो. मामा आता ऐंशीच्या घरात आहेत, दाढा गेल्यात, दोन फोडींत त्यांचं आटपतं. पण हात वाळेपर्यंत ताटावर बसून राहतात आणि मधेमधे विचारतात, "झालं का गं तुझं?"

"नाही मामा," मी म्हणते, आणि अजून एक फोड घेते.